रेइनो कीवेलाची दुसरी सीट

थंडर बे गावात रेइनो कीवेलाने एकतीस वर्षं महापालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. या एकतीस वर्षांत तो एकूण जेवढं बोलला, तेवढं त्याची बायको हेल्वी सकाळची कॉफी गाळून होईपर्यंत बोलून मोकळी होते. एकदा हायवेवर त्याचा ट्रक घसरून खड्ड्यात गेला. तासाभराने त्याने वायरलेसवर डेपोला कळवलं, "आज वेळ लागेल." साहेबाने विचारलं, का? रेइनोने जरा विचार केला आणि सांगितलं, "ट्रक आडवा आहे." डेपोत अजून कुणाचं काम अडलं की पोरं हेच वाक्य म्हणतात.

तो निवृत्त झाला तेव्हा डेपोतल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचं भेटकार्ड दिलं. त्यांना वाटलं, बिचारा टीव्ही घेईल आणि बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगचे सामने बघत बसेल. रेइनोने घेतला गेम खेळायचा मॉनिटर. चौसष्टाव्या वर्षी. त्यामागे त्याचा मुलगा मार्कस होता.

मार्कस त्या सप्टेंबरात कॅलगरीला निघाला होता, रेल्वेच्या कंट्रोल रूममधल्या नोकरीसाठी. बापलेक दोघंही रॅलीच्या मोटार शर्यतींचे वेडे. एक गेम होता, त्यात दोन माणसं लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने शेजारच्या सीटवर बसून रस्त्याच्या नोट्स वाचायच्या, कुठलं वळण किती कडक ते आकड्यात सांगायचं. पुढचं वळण चालवणाऱ्याला दिसत नाही, वाचणारा सांगतो तेवढंच खरं. दुसरी सीट भरल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. मार्कस म्हणाला, "बाबा, आपण यावर भेटू. पण तुमच्या त्या जुन्या टीव्हीवर वळण येऊन गेल्यावर दिसतं. हा घ्या, ओएलईडी आहे. दोन वर्षांपूर्वी याच्या किमतीत बोटीचं इंजिन आलं असतं. आता परवडतो."

"काय विशेष आहे त्यात?"

"एका सेकंदात दोनशे चाळीस चित्रं दाखवतो."

"मला चाळीस पुरतात," रेइनो म्हणाला. "उरलेली दोनशे तुझ्या आईला दे, तिला सगळंच जास्त लागतं."

पण घेतला. मार्कसने तो बैठकीच्या कोपऱ्यात टेबलावर बसवला, स्वयंपाकघरातून सरळ दिसेल असा, आणि टेबलाला गेमचं स्टीअरिंगचं चाक अडकवलं. पहिल्यांदा लावला तेव्हा रेइनो बराच वेळ बघत राहिला. त्या पडद्यावर काळं म्हणजे खरंच काळं होतं, हायवेवर पहाटे चारला असायचं तसं. "बरा आहे," तो म्हणाला. मार्कसने आईकडे बघून भुवया उंचावल्या, कारण स्वतःच्या लग्नाबद्दलही रेइनोने एवढंच म्हटलं होतं.

तो हिवाळा मजेत गेला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता रेइनो कानाला हेडफोन लावून बसायचा आणि कॅलगरीहून मार्कसचा आवाज यायचा. "डावं चार, शंभर मीटर, टेकाड, उजवं दोन, आतून कापू नका." रेइनो वळण आतून कापायचा नाही. नोट्स सोडून दोघांत दुसरं बोलणं फारसं व्हायचं नाही. शर्यत संपली की मार्कस म्हणायचा, "बरं." रेइनो म्हणायचा, "बरं." हेल्वी आतून ओरडायची, "त्याला विचार जेवला का." तोवर दोघांनीही हेडफोन काढलेले असायचे. तरी त्या आठवड्यातल्या दोन संध्याकाळी रेइनो दाढी करून बसायचा, हे हेल्वीने पाहून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत मार्कसच्या शिफ्ट बदलल्या. कधी सकाळ, कधी दुपार, कधी सुट्टी बुधवारी. मंगळवारचं खेळणं चुकलं, मग शुक्रवारचं, मग बंदच पडलं. कुणी बंद केलं नाही, आपोआप पडलं.

आता दुसरा कुणी असता तर त्याने फोन उचलून विचारलं असतं, काय रे, कधी मोकळा आहेस. पण रेइनो फिनलंडहून आलेल्या माणसांच्या वळणाचा. त्यांच्यात सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, कुणी कुणाला बोलावत नाही. शनिवारी मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत चूल पेटवायची. दगड तापायला लागले की धुराड्यातून धूर वर जातो. शेजाऱ्याला तो दिसतो. यायचं असेल तर तो टॉवेल खांद्यावर टाकून येतो, मग बाकावर सरकून त्याला जागा द्यायची आणि दगडांवर पाणी टाकायचं. नाही आला तर का नाही आला, हे विचारायचं नाही. माणसाला बोलावलं की त्याला नाही म्हणायची पंचाईत होते, आणि दुसऱ्याला पंचाईतीत टाकणं वाईट. रेइनोच्या बापाने उभ्या जन्मात कुणाला 'ये' म्हटलं नव्हतं आणि त्याच्या मयताला चर्च भरलं होतं.

तेव्हा रेइनोने धूर काढला. सकाळी कॉफी झाली की तो मॉनिटर लावायचा, गेम उघडायचा आणि शर्यतीची खोली मांडून ठेवायचा. पडद्यावर दोन मोठी हेल्मेट यायची. डाव्याखाली त्याचं नाव. उजवं रिकामं, आणि त्याखाली ठळक अक्षरं: दुसऱ्या सीटची वाट पाहत आहे. मार्कसची शिफ्ट कोणती हे माहीत नव्हतं, म्हणून दिवसभर लावून ठेवणं आलं. बटाटे सोलताना स्वयंपाकघरातून वाचता यावं म्हणून त्याने उजेड शेवटपर्यंत वाढवून घेतला.

मॉनिटर अधूनमधून पडद्यावर विनंती करायचा की मला थोडी विश्रांती द्या, एकच चित्र फार वेळ झालं. रेइनो ती विनंती नाकारायचा. एकतीस वर्षांत ज्या यंत्रावर तो बसला, त्यातल्या एकानेही विश्रांती मागितली नव्हती.

"अरे, फोन कर ना त्याला," हेल्वी म्हणायची.

"मी कुठे आहे ते त्याला माहीत आहे."

"सगळ्या गावाला माहीत आहे. त्या खुर्चीला तुझा आकार आलाय."

खोलीत अनोळखी जोडीदार घेण्याचंही एक बटण होतं. एप्रिलमध्ये रेइनोने ते एकदा दाबून पाहिलं. टेक्सासचा एक गृहस्थ आला, भला माणूस होता. पण त्याचा नुकताच घटस्फोट झाला होता. तिसऱ्या वळणापासून तो बायकोच्या वकिलाबद्दल बोलायला लागला, आणि उजवं दोन सांगायचं राहिलं. गाडी तळ्यात गेली. रेइनोने त्याला "सावकाश होईल सगळं" म्हटलं आणि ते बटण परत दाबलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी हेल्वीने त्याला उठवून त्याच पडद्यावर कर्लिंगचा सामना लावला. पांढराशुभ्र बर्फ पडदाभर पसरला. ती दोन मिनिटं बघत राहिली, मग चष्मा पुसला, मग परत बघत राहिली.

"रेइनो, या बर्फावर काय लिहिलंय?"

रेइनो आला. बर्फावर दोन फिकट हेल्मेट होती. उजव्याखाली पिवळसर करड्या अक्षरांत लिहिलं होतं, दुसऱ्या सीटची वाट पाहत आहे. कॅमेरा फिरला, खेळाडू इकडून तिकडे गेले, दगड सरकले, अक्षरं जागची हलली नाहीत. आठ महिने एकच चित्र दाखवून दाखवून पडद्याने ते पाठ केलं होतं.

"बघ, आता तूच लिहून ठेवलंस," हेल्वी म्हणाली, आणि मग तिला वाईट वाटलं म्हणून ती पुढचं बोलली नाही.

त्याच आठवड्यात मार्कसचा फोन आला, ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तीन दिवस येतोय. हेल्वीने आनंदाने टर्कीचं वजन, पाहुण्यांची खोली, विमानाची वेळ, सगळं एका दमात बोलून घेतलं. रेइनो कोपऱ्यातल्या मॉनिटरकडे बघत उभा होता. पोरगा येणार, म्हणजे गेम लावणार. गेम लावणार, म्हणजे वाचणार. आपला बाप आठ महिने सकाळपासून त्या खुर्चीत वाट बघत बसला होता हे पोराला कळणार, आणि मग पोरगा अपराधी तोंडाने दर मंगळवारी येऊन बसणार, दात काढायला डॉक्टरकडे जातात तसा. रेइनोला पोरगा हवा होता. असा नको होता. त्या रात्री तो जेवला नाही.

सोमवारी तो मॉनिटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून दुकानात घेऊन गेला. काउंटरवर ट्रिना नावाची मुलगी होती. तिने तो तिथेच जोडला आणि तपासायला सगळा पडदा करडा केला. मग डाग असा उठून दिसला की मागे मायक्रोवेव्ह बघत उभी असलेली बाईही वाचायला लागली.

"अरे वा," ट्रिना म्हणाली. "कुणाचा गेममधला नकाशा उमटतो, कुणाचं घड्याळ उमटतं. असं अख्खं वाक्य मी पहिल्यांदा बघतेय." तिने मॉनिटरच्या आतला आकडा काढला. "सत्तावीसशे तास. सर, तुम्ही तर खूप खेळता."

"खेळलो नाही."

"मग काय करत होतात?"

"बसलो होतो."

ट्रिनाने पडद्यावरची अक्षरं परत एकदा वाचली. यावेळी तिने सावकाश वाचली. मग तिने पडदा बंद केला, आणि मायक्रोवेव्हवाल्या बाईला विचारलं की तुम्हाला काही मदत हवी आहे का.

डाग हमीत बसत होता. पण नवा यायला अडीच आठवडे लागणार होते आणि मार्कस शुक्रवारी पोचणार होता. जुना इथेच ठेवून गेला तर घरी पडदाच नाही, आणि पोरगा वर्षाने येऊन बापाबरोबर एक शर्यतही न खेळता परत जाणार. ट्रिना हळू आवाजात म्हणाली, "सर, घरी घेऊन जा. अंधाऱ्या चित्रात डाग दिसत नाही. पांढरं आणि करडं तेवढं टाळा."

झाकली मूठ सव्वा लाखाची. रेइनोने घरी येऊन पडद्याची पार्श्वभूमी काळी केली, आणि गेममधले सगळे रस्ते एकदा तपासून कागदावर यादी केली. कोर्सिकाचं जंगल, संध्याकाळ, चालेल. केनिया, धूळ, नको. स्वीडनचा बर्फ, अजिबात नको. मग हेल्वीला समोर बसवून सांगितलं की मार्कसला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

"मी एक शब्द बोलणार नाही," हेल्वी म्हणाली. हे तिच्या तोंडून ऐकून रेइनोला काळजीच वाटली.

मार्कस आला. थोडा जाड झाला होता. टर्की झाली, भोपळ्याची गोड पाई झाली, शनिवारी सौना झाला. सौनात बापलेक बाकावर शेजारी बसले आणि वीस मिनिटांत मार्कस म्हणाला, "गरम आहे," आणि रेइनो म्हणाला, "हो." त्यानंतर दोघं गेमला बसले. मार्कसने त्याच्या लॅपटॉपवर नोट्स उघडल्या, रेइनोने चाक धरलं.

"बाबा, स्वीडन लावू. आपला बर्फाचा रस्ता."

"बर्फ पुरे झाला मला. एकतीस वर्षं तेच बघितलं."

"मागच्या हिवाळ्यात तर तुम्हीच तो मागायचात."

"आता माणूस बदललाय," रेइनो म्हणाला आणि कोर्सिका लावलं.

शनिवार-रविवार नुसतं कोर्सिका झालं. मार्कसला ते जंगल तोंडपाठ झालं. दरवेळी तो मध्ये यादी चाळायचा, बर्फाशी थांबायचा, बापाकडे बघायचा आणि परत कोर्सिकावर जायचा. त्याच्या मनात काहीतरी खटकत होतं, पण तोही विचारणारा नव्हता. खाण तशी माती. हेल्वी तिकडे तोंड मिटून भांडी घासत होती. न बोलणं तिच्या तब्येतीला मानवत नव्हतं, रविवारी तिचं डोकं दुखायला लागलं.

सोमवारी सकाळी रेइनो मागे लाकडं फोडत होता. मार्कस स्वयंपाकघरात फोनवर विमानाची वेळ बघत होता.

"त्या फोनवर डोळे कशाला फोडतोस," हेल्वी म्हणाली. "आत जा, बाबांच्या मोठ्या पडद्यावर बघ."

तिने दिलेला शब्द मोडला नव्हता. डागाबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं.

रेइनो लाकडांचा भारा घेऊन आत आला तेव्हा विमान कंपनीचं करडं पान पडदाभर उघडं होतं आणि मार्कस त्यासमोर उभा होता, हात खिशात घालून. पानावर विमानाची वेळ होती. त्या वेळेच्या आरपार दोन हेल्मेट होती आणि ते वाक्य होतं. रेइनोने लाकडं खाली ठेवली. एक एक करून ठेवली, म्हणजे तेवढा वेळ बोलावं लागणार नाही.

"पडदा स्वस्तातला," तो शेवटी म्हणाला. "काहीही उमटतं."

मार्कस वळला नाही. "मला तुमच्या नावापुढे रोज हिरवा दिवा दिसायचा, बाबा. सकाळी, दुपारी, कधीही. गेममध्ये आहे एवढंच दाखवतं ते, एकटा का दुकटा ते दाखवत नाही. मला वाटलं तुम्हाला चांगला जोडीदार मिळाला, माझ्यासारखा शिफ्टवाला नाही. म्हटलं रंगात आलाय म्हातारा, मध्ये कशाला कडमडायचं."

"टेक्सासचा एक होता," रेइनो म्हणाला. "एकदाच. तळ्यात गेलो."

"मी कामावरून आलो की आधी तो दिवा बघायचो. एकदा तर खोलीत शिरायच्या बटणापर्यंत हात गेला होता." मार्कसने नाक ओढलं. "वाईट वाटायचं मला. खरंच वाटायचं."

तीन दिवसांचं साठलेलं हेल्वीच्या तोंडून त्याच क्षणी बाहेर पडलं. "शाबास. एक इथे आठ महिने धूर काढत बसलाय, दुसरा तिथे धूर बघून म्हणतो घर भरलेलं असेल. दोघांनाही देवाने तोंड दिलंय, ते फक्त पाई खायला? माझं डोकं दुखतंय कालपासून तुमच्यापायी."

 मग मार्कसने खुर्ची ओढली, विमानाचं पान बंद केलं आणि स्वीडनचा बर्फ लावला. रेइनो बाजूला बसला, त्याने चाक हातात घेतलं. पांढऱ्या रस्त्यावर ते वाक्य पहिल्या वळणापासून शेवटापर्यंत समोर होतं, आणि रेइनो त्यातून गाडी नेत होता.

"डावं चार, ऐंशी मीटर, टेकाड," मार्कस वाचत होता. "उजवं तीन, झाड बाहेर, दुसऱ्या सीटची वाट पाहत आहे, आलो, डावं दोन, कापू नका."

रेइनोने डावं दोन कापलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. गाडी बर्फाच्या ढिगात गेली, आणि ती बाहेर काढायची दोघांनाही घाई नव्हती.

ठरलेले अडीच आठवडे भरले तेव्हा ट्रिनाने नवा मॉनिटर त्याच्या हवाली केला. समोर जोडून सगळा पडदा करडा करून दाखवला, कोरा करकरीत. जुना हमीपोटी परत द्यावा लागला. रेइनोने तो देताना काच बाहीने पुसून दिली.

"आणि सर, याच्यावर एकच चित्र दिवसभर ठेवू नका," ट्रिना म्हणाली. "हवा तेव्हा लावा, नको तेव्हा बंद ठेवा."

"दिवसभर बंद ठेवला तर त्याला कळणार कसं?"

 तिने पावतीवर शिक्का मारून दिला.

पुढच्या मंगळवारी सातला रेइनो दाढी करून खुर्चीत बसला. मॉनिटर बंद होता. हेल्वी स्वयंपाकघरात उगाच एकच बशी पुसत उभी होती. सात वाजून पाच मिनिटं झाली. रेइनो उठला, भिंतीवरच्या फोनपाशी गेला, चष्मा लावला आणि हेल्वीच्या अक्षरातला नंबर बघून एक एक आकडा दाबला. मार्कस कॅलगरीला गेल्यापासून त्याने हा नंबर एकदाही फिरवला नव्हता.

पहिल्या रिंगला मार्कसने उचलला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग?"

रेइनोने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"ये," तो म्हणाला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"दहा मिनिटं द्या," मार्कस म्हणाला. "जेवतोय."

"काय जेवतोयस?" रेइनोने विचारलं, आणि स्वयंपाकघरात हेल्वीने बशी खाली ठेवली.